घर वाचवणारा कायदा गहाणखतापाशी का थांबतो?

आपल्या समाजात गृहकर्जाचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते. बँकेला व्याज देऊन घर घेणं जायज आहे की नाही? कुणी मजबुरीचा दाखला देतं, कुणी फतवा काढून दाखवतं. पण कर्ज घेतलेल्या माणसाची नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं आणि हप्ते थकले, तर पुढे त्याचं आणि त्याच्या घराचं काय व्हायला हवं, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. व्याज हराम मानणारेही त्यावर बोलत नाहीत आणि मजबुरी मान्य करणारेही नाहीत.

या प्रश्नाचा इतिहास वाचायचा तर अमेरिकेकडे जावं लागतं. सामान्य माणसाने कोर्टात जाऊन ‘मी कर्ज फेडू शकत नाही’ असं सांगावं आणि कायद्याने त्याला पुन्हा उभं राहायची संधी द्यावी, ही व्यवस्था तिथे जितकी रोजच्या वापरात आहे, तितकी फार थोड्या देशांत असेल. कर्जदाराचं राहतं घर वाचवण्याची कल्पनाही तिथे जुनी आहे. तरीही 2008च्या मंदीत लाखो कुटुंबांची घरं गेली. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

टेक्सासचं राहतं घर

1837 साली अमेरिकेत मोठं आर्थिक संकट आलं. बँका बुडाल्या आणि कर्जबाजारी शेतकरी, कारागीर गावं सोडून पळू लागले. त्यांतले बरेच जण टेक्सासमध्ये आले. टेक्सास तेव्हा मेक्सिकोपासून फुटून निघालेलं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. जानेवारी 1839 मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला, की कुटुंबाची 50 एकर जमीन किंवा गावातली घराची जागा, त्यावरच्या 500 डॉलरपर्यंतच्या बांधकामासह, कोणत्याही सावकाराला कर्जवसुलीसाठी जप्त करता येणार नाही. हळूहळू इतर राज्यांनीही हे तत्त्व उचललं. यालाच ‘होमस्टेड’ची सूट म्हणतात.

हा कायदा निव्वळ दयेपोटी झाला नव्हता. ओसाड मुलखात माणसं वसवायची, तर डोक्यावरचं छप्पर जाणार नाही याची हमी देणं भाग होतं. बेघर कुटुंब अखेर साऱ्या गावावरच ओझं होतं, हा व्यवहारी विचारही त्यामागे होता.

पण या सुटीत सुरुवातीपासून एक फट होती. किराणा दुकानदाराची उधारी, डॉक्टरचं बिल, हातउसने घेतलेले पैसे, यांसाठी घर जप्त होत नसे. मात्र ज्या कर्जाने ते घर विकत घेतलं, त्या कर्जासाठी घराला हात लावता येत असे. म्हणजे घर सगळ्या धनकोंपासून सुरक्षित, फक्त ज्याच्याकडे गहाण आहे त्याच्यापासून नाही. सामान्य माणसाचं सगळ्यात मोठं कर्ज तर तेच असतं.

टेक्सासने ही फट बरीच लहान ठेवली. 1876च्या राज्यघटनेने घराची खरेदी, घरावरचा कर आणि घराचं बांधकाम एवढ्याच कारणांसाठी राहत्या घरावर बोजा चढवायला परवानगी दिली. दुकान चालवायला किंवा लग्नाला पैसे हवेत म्हणून राहतं घर तारण ठेवता येत नसे. हा निर्बंध 1997च्या मतदानापर्यंत टिकला. तेव्हाही सूट देताना अट घालण्यात आली, की असं कर्ज धरून घरावरचा एकूण बोजा घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. 2008 नंतर टेक्सासमधली पडझड इतर काही राज्यांपेक्षा सौम्य राहिली, त्यामागचं एक कारण म्हणून अभ्यासक ही अट सांगतात.

शेतकऱ्यांनी कोर्ट गाठलं तेव्हा

दिवाळखोरीचे देशव्यापी कायदे अमेरिकेने 1800, 1841 आणि 1867 साली केले आणि प्रत्येक वेळी काही वर्षांत रद्द केले. टिकलेला कायदा 1898 सालचा. राज्यांनी दिलेली घराची सूट त्याने मान्य केली, पण गहाणदाराच्या हक्काला हात लावला नाही.

त्या हक्काची परीक्षा 1929 नंतरच्या महामंदीत झाली. तेव्हाची गृहकर्जं बहुधा तीन-पाच वर्षांची असत. दरम्यान मुख्यतः व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकदम फेडायचं किंवा कर्ज नव्याने करून घ्यायचं. बँकाच बुडाल्यावर कर्ज नव्याने देणार कोण? 1933 साली दिवसाला सुमारे 1,000 घरांवर टाच येत होती.

शेतकरी गप्प बसले नाहीत. शेजाऱ्याच्या शेताचा लिलाव असला की सगळे जमायचे, काही सेंटांची बोली लावायचे, दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचे नाहीत आणि विकत घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करायचे. एप्रिल 1933 मध्ये आयोवा राज्यातल्या ल मार्स गावी शेतकऱ्यांच्या जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना कोर्टातून ओढत बाहेर नेलं. जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही असं वचन द्या, म्हणून त्यांच्या गळ्यात दोर अडकवला. ब्रॅडली बधले नाहीत आणि जमावाने अखेर त्यांना सोडलं. राज्यपालांनी त्या भागात लष्करी कायदा पुकारला. पण पुढे काय होऊ शकतं, हे सरकारला कळून चुकलं होतं.

त्याच सुमारास आणि पुढच्या काही वर्षांत तीन गोष्टी घडल्या. पहिली, मिनेसोटासारख्या राज्यांनी जप्तीला मुदतवाढ देणारे कायदे केले. मिनेसोटाचा कायदा जानेवारी 1934 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. दुसरी, 1933 साली केंद्र सरकारने घरमालकांसाठी महामंडळ काढलं. त्याने सुमारे 10 लाख थकीत कर्जं स्वतःकडे घेतली आणि 15 वर्षांच्या सोप्या हप्त्यांत बसवून दिली. सगळे वाचले नाहीत, यांपैकी सुमारे दोन लाख घरं पुढे महामंडळानेच ताब्यात घेतली. पण आठ लाख कुटुंबं घरात राहिली.

तिसरी गोष्ट या लेखासाठी सगळ्यात महत्त्वाची. नॉर्थ डकोटाचे सिनेटर लिन फ्रेझियर आणि प्रतिनिधी विल्यम लेम्की यांनी 1934 साली दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती आणली. शेताची किंमत पडली असेल तर शेतकऱ्याने आजच्या किमतीइतकीच रक्कम फेडावी आणि तोवर पाच वर्षं शेत त्याच्याच ताब्यात राहावं, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे गहाणदाराच्या हक्काला पहिल्यांदाच थेट हात लागला. मे 1935 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. संसदेने तीनच महिन्यांत तो सौम्य करून पुन्हा आणला, पाचाची तीन वर्षं केली, आणि 1937 साली त्याच न्यायालयाने तो मान्य केला. गहाणखत म्हणजे अढळ वस्तू नाही, संकटाच्या काळात त्याच्या अटी बदलता येतात, हे यातून सिद्ध झालं.

शेताला सूट, घराला नाही

1978 साली अमेरिकेने दिवाळखोरीचा संपूर्ण कायदा नव्याने लिहिला. सामान्य पगारदाराला उपयोगी पडणारा त्यातला भाग म्हणजे ‘चॅप्टर 13’. उत्पन्न चालू असलेला कर्जदार तीन ते पाच वर्षांची योजना कोर्टाला देतो, जमेल तितकं फेडतो आणि उरलेली बरीचशी कर्जं माफ होतात. अर्ज केल्याक्षणी जप्ती, लिलाव, वसुलीचे फोन, सगळं थांबतं. घराचे थकलेले हप्तेही या काळात थोडेथोडे भरून घर सोडवता येतं.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. कर्जाची रक्कम तारणाच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर कोर्ट ती तारणाच्या किमतीपर्यंत खाली आणू शकतं. तिथल्या वकिलांच्या भाषेत याला ‘क्रॅमडाऊन’ म्हणतात. सुट्टीत राहायला घेतलेल्या दुसऱ्या घराचं कर्ज असं कमी होऊ शकतं. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराचंही होऊ शकतं. अपवाद एकच: कर्जदार स्वतः राहतो त्या घरावरचं कर्ज. कर्ज देणाऱ्यांना धास्ती वाटू नये आणि गृहकर्जाचा ओघ चालू राहावा, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं.

1993 साली डल्लासच्या एका दाम्पत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. त्यांच्यावर कर्ज होतं 71,335 डॉलर आणि फ्लॅटची किंमत उरली होती 23,500 डॉलर. किमतीइतकं कर्ज आम्ही पूर्ण फेडतो, उरलेलं विनातारण समजा, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने एकमताने नकार दिला. कायद्याचे शब्दच तसे होते.

दरम्यान शेतकऱ्यांसाठी मात्र वेगळा रस्ता निघाला होता. 1980च्या दशकात जमिनीचे भाव कोसळले, शेतं लिलावात निघाली आणि शेतकरी पुन्हा रस्त्यावर आले. संसदेने 1986 साली ‘चॅप्टर 12’ आणलं. शेतावरचं कर्ज शेताच्या किमतीइतकं कमी करायची त्यात सोय होती. सुरुवातीला तात्पुरता असलेला हा भाग 2005 साली कायमचा झाला.

2005 सालीच सामान्य कर्जदारांसाठी कायदा कडक करण्यात आला. लोक चैन करून दिवाळखोरीच्या आड लपतात, असा प्रचार त्याआधी अनेक वर्षं चालला होता. एलिझाबेथ वॉरन, टेरेसा सलिव्हन आणि जे वेस्टब्रुक या अभ्यासकांनी 1981 सालचे अर्ज तपासून दिवाळखोरांचा मोठा अभ्यास केला होता. त्यात आणि पुढच्या कामात त्यांना आढळलं ते वेगळंच. हे लोक साधे मध्यमवर्गीय होते. नोकरी जाणं, आजारपण आणि घटस्फोट यांनी ते कोलमडले होते. तरीही कायदा झाला. नवे नियम लागू होण्याआधी लोकांनी कोर्टात रांगा लावल्या आणि त्या एका वर्षात 20 लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले.

तीन वर्षांनी घरांचे भाव कोसळले. आता अपवाद काढून टाका, राहत्या घराचं कर्जही कोर्टाला कमी करू द्या, अशी मागणी झाली. मार्च 2009 मध्ये प्रतिनिधीगृहाने 234 विरुद्ध 191 मतांनी तसं विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये डिक डर्बिन यांनी ती दुरुस्ती मांडली. 30 एप्रिल 2009 रोजी मतदान झालं. बाजूने 45, विरोधात 51. डर्बिन यांच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातले 12 सिनेटरही विरोधात गेले. काही महिन्यांपूर्वी याच संसदेने बँका वाचवायला 700 अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली होती.

1934 आणि 1986 साली शेतकऱ्यांना जे मिळालं, ते 2009 साली घरमालकांना का मिळालं नाही? मला वाटतं, शेतकरी एकत्र होते. एकाच्या लिलावाला सगळं गाव हजर असे. शहरातला कर्जदार एकटा असतो. हप्ता थकला हे तो शेजाऱ्यालाही सांगत नाही. नोटीस आली तर कपाटात ठेवतो. लाखो लोकांवर एकच संकट येऊनही त्यातला प्रत्येक जण ती स्वतःची बदनामी समजून सोसत राहिला.

फिक्ह काय म्हणते?

इस्लामी कायद्यात दिवाळखोरीला ‘इफ्लास’ म्हणतात. त्यावर फकिहांनी सविस्तर लिहिलं आहे. इमाम अबू हनीफांचं मत होतं, की काजीने सज्ञान माणसाची मालमत्ता त्याच्या इच्छेविरुद्ध विकू नये. त्यांचेच शागिर्द अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी मात्र धनकोंचा हक्क लक्षात घेऊन तशी परवानगी दिली. राहत्या घराबद्दलही मतभेद आहेत. इमाम अहमद यांच्या मते गरजेपुरतं घर विकू नये. इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते ते विकून कर्जदाराला भाड्याच्या घरात ठेवावं. बाराव्या-तेराव्या शतकातल्या इब्न कुदामा यांनी ही मतं एकत्र नोंदवली आहेत. टेक्सासच्या कायद्याआधी सहाशे वर्षं बगदाद आणि दमास्कसमध्ये हीच चर्चा चालू होती.

पण अभिमानाने एवढंच सांगून थांबणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ‘रहन’ म्हणजे गहाण ठेवलेल्या वस्तूवर गहाणदाराचा हक्क आधी, हे आपल्या फिक्हलाही मान्य आहे. म्हणजे ती फट इथेही आहे. फरक काही बाबतींत आहे. मुदत संपली म्हणून गहाण वस्तू आपोआप धनकोची होत नाही. ती विकली तर कर्ज फिटून उरलेली रक्कम मालकाची. अशीच तत्त्वं इंग्रजी कायद्यातही रुजली. शिवाय जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट कुरआनात आहे. सूरह बकरामध्ये व्याजाची मनाई जिथे येते, तिथेच, लगेच पुढे, अडचणीतल्या कर्जदाराला हात मोकळा होईपर्यंत मुदत देण्याचा हुकूम येतो आणि माफ करणं अधिक चांगलं ठरवलं जातं. या दोन गोष्टी एकाच प्रसंगाच्या आहेत. आपण पहिलीवर रात्र रात्र वाद घालतो आणि दुसरी वाचून पुढे जातो.

अमेरिकेतल्या मुसलमानांनी व्याजाच्या प्रश्नावर तोडगा काढला. तिथल्या बँक नियामकाने 1997 साली ‘इजारा’ आणि 1999 साली ‘मुराबहा’ पद्धतीच्या घरखरेदीला परवानगी दिली. पण परवानगीचा आधारच हा होता, की आर्थिकदृष्ट्या हे व्यवहार कर्जासारखेच आहेत. कराराचं नाव बदललं तरी घराचा भाव पडल्यावर तोटा कुणी सोसायचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्या दारात

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून कर्जरोखे जाळले. नगर जिल्ह्यातही लोण पोचलं. चौकशी झाली आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. त्याची जमीन हुकूमनाम्याखाली जप्त करून विकण्यालाही मनाई झाली. अपवाद कोणता? त्या कर्जासाठी जमीन खास गहाण दिलेली असेल तर. टेक्सासमधली फट इथेही होती.

आज ती तशीच आहे. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचं राहतं घर जप्तीतून वगळलेलं आहे, पण गहाणाच्या वसुलीला हे संरक्षण लागू होत नाही. 2002च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता 60 दिवसांची नोटीस देऊन घर ताब्यात घ्यायचा अधिकार दिला. शेतजमीन त्यातून वगळली आहे, शहरातलं घर नाही. लिलावात कर्जापेक्षा कमी पैसे आले तर उरलेली रक्कमही कर्जदाराकडून वसूल करता येते.

2016 साली आपण नादारी व दिवाळखोरी संहिता केली. तिच्यात व्यक्तीच्या दिवाळखोरीवर स्वतंत्र भाग आहे आणि राहतं घर वगळायची तरतूदही आहे, मात्र ते बोजा नसलेलं हवं. सगळ्यात गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची योजना आहे. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता 20,000 पेक्षा जास्त नको, कर्ज 35,000 पेक्षा जास्त नको आणि स्वतःचं घर, गहाण असो वा नसो, मुळीच नको. हा भागही कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला आहे. बाकीच्या सामान्य माणसासाठी अजून मुंबईत 1909चा आणि उरलेल्या महाराष्ट्रात 1920चा इंग्रजांचा नादारी कायदाच आहे. कंपन्यांची हजारो कोटींची कर्जं कमी करून मिटवण्याची व्यवस्था मात्र 2016 पासूनच जोरात सुरू आहे.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. गहाणखताच्या अटी बदलता येत नाहीत, हे खरं नाही. 1937 साली आणि 1986 साली त्या बदलल्या गेल्या आणि म्हणून गृहकर्जाचा धंदा बुडाला नाही. भारतातही राहत्या घराच्या कर्जासाठी अशी तरतूद मागता येईल: नोकरी गेल्यावर ठरावीक काळ मुदत, थकबाकी हप्त्यांत भरायचा हक्क आणि लिलावानंतर उरलेल्या रकमेतून मुक्ती. ही मागणी फक्त मुसलमानांची नाही. भिवंडीतला यंत्रमागवाला, नाशिकचा रिक्षाचालक आणि पुण्यातला संगणक अभियंता, सगळ्यांची आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. नोटीस आलेल्या माणसाने ती लपवू नये, असं वातावरण आपण तयार करायला हवं. सरफेसीच्या नोटिशीला 60 दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचं उत्तर 15 दिवसांत द्यावं लागतं. ताबा घेण्याची कारवाई झाली तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. बरेच लोक हे दिवस लाजेपायी वाया घालवतात. मोहल्ल्यातल्या वकिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मशिदीच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत बसून अशा नोटिसा वाचून दिल्या, तर काही घरं वाचतील. जकातीचा हिशोब करणाऱ्या कमिट्यांनीही यंदाच्या रमजानमध्ये कर्जदारांचा रकाना वेगळा काढून पाहावा.